दोन इंच फोम आणि एक प्रोफेसर

सेमिस्टर संपलं की आपल्या हॉस्टेलमध्ये एकच धावपळ असते. फायली चेक करून घ्या, ओरल उरका, मेसचं बिल भरा आणि घरचं तिकीट मिळवा. तत्काल मिळालं तर नशीब, नाहीतर आरएसी. एकदा का स्लीपरच्या डब्यात बर्थ ताब्यात आली की बॅग उशाला घ्यायची, चपला खाली सरकवायच्या आणि ताणून द्यायची. पाठीखाली त्या निळ्या रेक्झिनच्या आत काय आहे आणि ते तिथे कोणी घातलं, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता.

आधीच्या पिढीतल्या कुणालाही विचारून बघा. त्यांच्या वेळी सेकंड क्लासची बर्थ म्हणजे नुसती लाकडी फळी. मुंबईहून कलकत्त्याला जा नाहीतर मद्रासला, दोन-दोन रात्री त्या फळीवर काढायच्या. म्हणून प्रत्येकाबरोबर वळकटी किंवा होल्डॉल असायचा. ज्याच्याकडे तोही नाही, त्याने चादर टाकायची आणि सकाळी कंबर धरून उतरायचं. गादी होती, पण ती फर्स्ट क्लासात. १९७४ साली रेल्वेने थर्ड क्लास बंद केला, म्हणजे काय केलं, तर त्याला सेकंड क्लास म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं, फळी तीच राहिली.

ती फळी झाकायचा निर्णय ज्या रेल्वेमंत्र्याने घेतला, तो फिजिक्सचा प्रोफेसर होता. पंचवीस वर्षं त्याने मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवलं होतं. त्यांचं नाव प्रा. मधु दंडवते.

एक कबुली आधीच देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. सिव्हिक्सच्या पेपरासाठी लोकसभेची सदस्यसंख्या, कोरम, मनी बिल हे सगळं मी घडाघडा पाठ केलं होतं, पण एखादा खासदार दिवसभर नक्की करतो काय, हे मला कुणी विचारलं असतं तर माझी दांडी गुल झाली असती. आपल्या विंगमध्येही राजकारण हा विषय निघाला की सगळे सोडून द्या म्हणतात. मीही त्यातलीच. दंडवते गेले २००५ मध्ये, तेव्हा आमच्या बॅचने धड डोळेही उघडले नव्हते. त्यामुळे हा लेख पूर्णपणे वाचून आणि मोठ्यांकडून ऐकून लिहिलेला आहे. (मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका विभागाच्या सरांनी सुधारल्या, त्यांचे आभार.)

मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर). शिकायला मुंबईत आले, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून फिजिक्स घेऊन एमएस्सी केली. मध्येच १९४२ ची चळवळ आली आणि त्या वयातल्या हजारो पोरांसारखे तेही तिच्यात ओढले गेले. तिथून समाजवादी पक्षाशी जे नातं जडलं ते शेवटपर्यंत. समाजवादी पक्ष किती वेळा फुटला आणि किती वेळा जुळला याचा हिशोब ठेवायला एक वेगळी वही लागेल, तेव्हा तो भाग मी ऑप्शनला टाकते.

त्यांनी नोकरी कुठे केली, हे मात्र सांगायलाच हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. ज्यांना दिवसा पोटासाठी नोकरी करावी लागते त्यांनाही पदवी घेता यावी म्हणून तिथे सकाळचे वर्ग असत. पहाटे उठून लेक्चर, मग ऑफिस, मग रात्री अभ्यास अशी ती मुलं. आपल्याला साडेनऊचं लेक्चर जड जातं! दंडवते या कॉलेजात सुरुवातीपासूनच फिजिक्स शिकवायला लागले आणि १९७१ पर्यंत शिकवत राहिले. विभागप्रमुख झाले, व्हाइस प्रिन्सिपॉल झाले. एमएस्सी झालेल्या माणसाला त्या काळी दुसरीकडे बऱ्या पगाराची नोकरी मिळणं अवघड नव्हतं. ते इथेच राहिले.

आणि शिकवता शिकवता चळवळीही चालूच. १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्या पोर्तुगीज हद्दीत घुसत होत्या. हातात शस्त्र नाही, समोर बंदुका. त्यातल्या एका तुकडीचे प्रमुख दंडवते होते. पोर्तुगीज पोलिसांचा मार त्यांनीही खाल्ला. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई राष्ट्र सेवा दलातल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. घरात दोघेही कार्यकर्ते.

हे सगळं असूनही १९७० पर्यंत दंडवते कोणत्याही सभागृहात नव्हते. त्या वर्षी ते महाराष्ट्र विधान परिषदेवर गेले. म्हणजे सेहेचाळीस वर्षांचं होईपर्यंत हा माणूस खडू-फळा आणि मोर्चे यातच होता. दिल्लीला ते ज्या प्रकारे गेले, त्यामागे मात्र एक दुःखाची गोष्ट आहे.

राजापूर हा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, दक्षिण कोकणातला लोकसभा मतदारसंघ. आजचा सिंधुदुर्ग त्यातच यायचा. १९५७ पासून तिथून बॅरिस्टर नाथ पै निवडून येत होते. वेंगुर्ल्याचे, अफाट वक्ते, समाजवादी पक्षाचा लोकसभेतला मोठा आवाज. १९७१ च्या मार्चमध्ये निवडणूक होणार होती आणि त्याआधीच १८ जानेवारीला बेळगावात नाथ पै हार्ट अटॅकने गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. प्रजा समाजवादी पक्षाने त्यांच्या जागी नगरच्या, मुंबईत राहणाऱ्या दंडवत्यांना उभं केलं.

आता ती निवडणूक कशी होती हे बघा. इंदिरा गांधींची लाट. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. प्रजा समाजवादी पक्षाचे अख्ख्या देशात दोन खासदार निवडून आले, दोन! त्यातले एक होते राजापूरचे दंडवते. कोकणी माणूस बाहेरच्याला सहजासहजी घरात घेत नाही असं म्हणतात. पण नाथ पैंच्या आठवणीने असो किंवा समोरच्या माणसाकडे बघून असो, त्यांनी या घाटावरच्या प्रोफेसरला घेतलं आणि पुढे १९७७, १९८०, १९८४, १९८९ असं धरून एकूण ओळीने पाच वेळा निवडून दिलं. १९८४ मध्ये तर काँग्रेसच्या चारशेहून जास्त जागा आल्या होत्या, विरोधी पक्षाचे मोठमोठे नेते आडवे झाले होते. राजापूरने तेव्हाही आपला माणूस बदलला नाही.

लोकसभेत दंडवत्यांचं नाव झालं ते नियमांच्या पुस्तकामुळे. प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, हरकतीचा मुद्दा ही विरोधकाची हत्यारं आणि ती कधी, कुठल्या नियमाखाली काढायची हे त्यांना पाठ असायचं. ज्याच्याकडे बहुमत नाही त्याच्याकडे नियम तरी हवेत, असा साधा हिशोब. विरोधात असताना दोन-चार जणांच्या जिवावर सरकारला उत्तर द्यायला लावायचं, हे काम तोंडाळपणाचं नाही, अभ्यासाचं आहे. मला हा भाग वाचताना व्हायवा आठवली. तयारी करून आलेला मुलगा एक्स्टर्नललाही जरा सरळ बसायला लावतो.

२६ जून १९७५ ला सकाळी दंडवते बंगलोरमध्ये होते. पक्षांतराच्या विधेयकावर विचार करणाऱ्या संसदीय समितीच्या कामासाठी ते गेले होते. आदल्या रात्री आणीबाणी लागली होती. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधु दंडवते, चौघांनाही तिथेच पकडलं आणि बंगलोरच्या सेंट्रल जेलमध्ये टाकलं. दोन जनसंघाचे, एक संघटना काँग्रेसचे आणि एक समाजवादी. बाहेर एकमेकांच्या विचारांशी कधी न पटलेली माणसं. चौघांनी हायकोर्टात आपल्या अटकेला आव्हान दिलं, पण सुटका काही झाली नाही. इकडे प्रमिलाताईंनाही अटक झाली, त्या पुण्याच्या येरवड्यात. नवरा बंगलोरच्या तुरुंगात, बायको येरवड्याच्या. जवळजवळ दीड वर्ष दोघांची भेट होती ती पत्रांतून, आणि पत्रं आधी तुरुंगाचे अधिकारी वाचणार. आपला फोन एक दिवस बंद पडला तर आपल्याला करमत नाही, म्हणून हे सांगितलं. त्यावर आणखी काही लिहायची माझी लायकी नाही.

१९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, जनता पक्ष जिंकला, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले आणि तुरुंगातून सुटून काहीच महिने झालेल्या दंडवत्यांना रेल्वे खातं मिळालं. म्हणजे ज्या कोकणात रेल्वेच नव्हती, तिथला खासदार देशाचा रेल्वेमंत्री!

खातं हातात आलं तेव्हा त्याची एक जखम ताजी होती. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा प्रचंड संप झाला होता. लाखो कामगार उतरले होते, वीस दिवस चालला आणि सरकारने तो चिरडला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टर्समधून बायकापोरांना बाहेर काढलं गेलं. दंडवत्यांनी या संपात कामावरून काढलेल्या लोकांना परत घेतलं. एखादा म्हणेल की मग शिस्तीचं काय, उद्या कोणीही गाड्या बंद पाडेल. प्रश्न चुकीचा नाही, आमच्या ग्रुपमध्येही यावर वाद झाला. पण संप संपून तीन वर्षं होत आली होती आणि शिक्षा भोगत होते ते गँगमन, फायरमन, क्लार्क. पुढारी त्यातून कधीच बाहेर पडले होते, स्वतः फर्नांडिसच आता त्याच सरकारात मंत्री होते! नेत्याला खुर्ची आणि गँगमनला घरी बसवायचं, हे काही न्यायाला धरून झालं नसतं.

मग आली फळीची गोष्ट. सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा. बस, एवढंच. आता आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला हा निर्णय म्हणजे काहीच वाटत नाही. यात डिझाइन नाही, कॅल्क्युलेशन नाही, पेटंट नाही. फोम होता, रेक्झिन होतं, खिळे होते. फर्स्ट क्लासात गादी होतीच, म्हणजे ती कशी करायची हेही रेल्वेला माहीत होतं. इतकी वर्षं अडलं होतं ते कशाने? टेक्नॉलॉजीने नक्कीच नाही. थर्ड क्लासवाल्याला गादी कशाला, हे ब्रिटिशांच्या काळात कोणीतरी ठरवून टाकलं होतं आणि स्वातंत्र्यानंतर तीस वर्षं ते कुणी खोडलं नव्हतं. दिसायला दोन इंच, पण ज्या डब्यातून देशातली बहुतेक माणसं जातात त्या डब्यांचा हिशोब करा, मग खर्चाचा आकडा डोळ्यासमोर येईल. तो खर्च करण्यालायक ही माणसं आहेत, एवढं मान्य करायचं होतं. मला या सगळ्या चरित्रात हाच भाग सगळ्यात जास्त आवडला, म्हणून मी शीर्षकही तेच दिलं.

त्याच विचाराने २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई व्हीटी ते हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. या गाडीत वर्गच नव्हते. फर्स्ट नाही, एसी नाही, सगळे डबे एकाच दर्जाचे. रवींद्रनाथांच्या पुस्तकाचं नाव दिलेली ही आपल्या देशातली पहिली वर्गविहीन लांब पल्ल्याची सुपरफास्ट गाडी. पुढे त्या गाडीला एसीचे डबे लागले आणि आज तिचं तिकीट काढताना तिकिटावर पुन्हा सगळे वर्ग दिसतात. तिचा तेवढा भाग टिकला नाही. फोम मात्र टिकला. त्याशिवाय जवळपास पाच हजार किलोमीटरचे झिजलेले रूळ बदलायला किंवा दुरुस्त करायला घेणं, असली न दिसणारी कामंही त्यांच्या काळात निघाली. रूळ बदलल्याचे फोटो कोणी छापत नाही.

१९७९ च्या जुलैमध्ये जनता सरकार आपसातल्या भांडणाने पडलं. खरं सांगायचं तर ते भांडण वाचताना चीड येते. तुरुंगातून एकत्र सुटलेली माणसं अडीच वर्षंसुद्धा एकत्र राहू शकली नाहीत. दंडवत्यांचं खातं गेलं आणि कोकण रेल्वे तशीच कागदावर राहिली.

कोकण रेल्वे! आता मुख्य गोष्टीकडे येते. रूममेट कोकणातली असल्यामुळे मला या विषयावर गप्प बसता येणार नाही.

मुंबईच्या गिरण्यांत राबायला कोकणातून माणसं गेली ती शंभर वर्षांपासून. घरी मनीऑर्डर पाठवायची आणि गणपतीला, शिमग्याला गावी यायचं. पण यायचं कसं? एक तर एसटी, घाटाघाटातून रात्रभर हाडं खिळखिळी करणारी. नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून बोट, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जाणारी. पावसाळा लागला की बोट बंद. देशात १८५३ ला पहिली रेल्वे धावली ती मुंबईहून, आणि तिथून हाकेच्या अंतरावरच्या कोकणाला सव्वाशे वर्षांनंतरही रूळ दिसले नव्हते. सह्याद्रीचे फाटे, दर दहा-वीस मैलांवर खाडी किंवा नदी आणि पावसाळ्यात घसरणारी माती. खर्च परवडणार नाही, हे उत्तर दर वेळी तयार असायचं. अ. ब. वालावलकरांनी हयातभर या रेल्वेचा ध्यास घेतला, नकाशे केले, लोकांना पटवत राहिले. नाथ पैंनी लोकसभेत ती मागणी लावून धरली. त्यांच्यामागून दंडवत्यांनी. आणि रूळ? दिव्याहून पनवेल, पनवेलहून आपटा, आणि रोह्यापर्यंत यायला १९८६ उजाडलं. रोहा म्हणजे कोकणाचं नुसतं दार.

रेल्वेमंत्री असताना त्यांनी हे का केलं नाही, असा प्रश्न मला पडला होता. सव्वादोन वर्षांत हा मार्ग होणारा नव्हताच. आणि मंत्र्याच्या एकट्याच्या मनात येऊन असे मार्ग होत नसतात, पैसा अर्थखात्याकडून आणि परवानगी योजना आयोगाकडून यावी लागते. हे मला आधी माहीत नव्हतं.

तो योग आला १९८९ च्या डिसेंबरमध्ये. व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं आणि त्यात अर्थमंत्री झाले मधु दंडवते, राजापूरचे. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, मूळचे मंगळूरचे. योजना आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. किनारपट्टीच्या पट्ट्यातली तीन माणसं तीन महत्त्वाच्या खुर्च्यांवर एकाच वेळी! असा योग परत येणार नाही हे तिघांनाही कळत होतं, आणि सरकार किती टिकेल याची खात्री नव्हती. तेव्हा घाई हवी होती.

पैसा कसा उभारायचा, ही यातली खरी गोम. रेल्वेच्या दरवर्षीच्या बजेटमधून तुकड्यातुकड्यांनी रक्कम मिळत राहिली असती तर आपली नातवंडं उद्घाटनाला गेली असती. म्हणून वेगळं महामंडळ काढलं. ५१ टक्के वाटा रेल्वेचा, २२ टक्के महाराष्ट्राचा, १५ टक्के कर्नाटकचा, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा बाजारातून, बाँड विकून. आज बीओटी म्हणून आपण ज्याच्यावर असाइनमेंट लिहितो, त्या पद्धतीने भारतात रेल्वे बांधायचं धाडस इथे पहिल्यांदा झालं. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं, १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली, आणि नुकतेच रिटायर झालेले ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं! दोन महिने उशीर झाला असता तर? सिव्हिलच्या मित्रांनो, विचार करा.

अर्थमंत्री म्हणून त्यांना एकच बजेट मांडता आलं, १९ मार्च १९९० चं. त्यात सोन्यावरचा गोल्ड कंट्रोल कायदा उठवायचं ठरलं, तो कायदा त्याच वर्षी गेलाही. दहा हजार रुपयांपर्यंतची शेतकऱ्यांची आणि कारागिरांची कर्जं माफ झाली. या कर्जमाफीने कर्ज फेडायची सवय मोडली आणि बँकांचं नुकसान झालं, अशी टीका अर्थतज्ज्ञ अजून करतात. देशाची परकीय गंगाजळी तेव्हा आटत चालली होती आणि पुढच्याच वर्षी सोनं गहाण टाकायची पाळी आली, हेही खरं. ते संकट काही एका वर्षात तयार झालेलं नव्हतं, पण ते थोपवायला हे सरकारही फार काही करू शकलं नाही. मोठ्या माणसाचं चरित्र म्हणून हे लपवायचं कारण नाही.

१९९१ च्या मे-जूनमध्ये पुन्हा निवडणूक लागली. राजापूर मतदारसंघात मोजणीची माणसं खांबं रोवत फिरत होती, जमिनी संपादन होत होत्या, वीस वर्षं ज्या रेल्वेची नुसती भाषणं ऐकली तिचं काम डोळ्यासमोर सुरू झालं होतं. मध्येच २१ मे ला राजीव गांधींची हत्या झाली. महाराष्ट्रात मतदान झालं ते त्यानंतर जूनमध्ये. काँग्रेसकडे सहानुभूती, कोकणात शिवसेना जोरात वाढलेली, आणि दंडवत्यांचा पक्ष खिळखिळा झालेला.

दंडवते हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले.

हे वाचलं तेव्हा मी रूममेटशी भांडले. तुमच्या लोकांनी असं कसं केलं म्हणून! तिचं म्हणणं असं की रेल्वे तेव्हा कुणी पाहिली होती? दिसत होते ते मोजणीचे खुंट, आणि ते कुणाच्या आंब्या-काजूच्या बागेतून, कुणाच्या परसातून जात होते. शिवाय वीस वर्षं एकच माणूस. तिचंही खरं असेल. लोकशाहीत मतदार आभार मानायला बांधलेला नसतो, पण मला अजूनही ते पचलेलं नाही.

रेल्वेचं काम त्यांच्याशिवाय चालू राहिलं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. जवळपास दोन हजार लहानमोठे पूल, नव्वदहून जास्त बोगदे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पानवल नदीवरचा पूल सुमारे ६५ मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारत धरा. सगळ्यात रडवलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने. तिथली माती इतकी भुसभुशीत आणि पाण्याने भरलेली की खणलं की ढासळायचं. तिथे आणि इतर ठिकाणी कामगारांचे जीव गेले, त्यांची नावं आपल्या पुस्तकात येत नाहीत. अखेर २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. सात वर्षांत एवढा मार्ग, हा आपल्याकडच्या सिव्हिल इंजिनिअरिंगमधला केवढा मोठा पराक्रम, ते आपल्या एचओडी सरांनी वर्गात सांगितलंच आहे. सरांनी श्रीधरन यांचं नाव घेतलं, ते घ्यायलाच हवं. अर्थमंत्र्याचं नाव कोणी घेतलं नाही, म्हणून हा लेख.

दंडवते पुन्हा लोकसभेत परतले नाहीत. १९९६ ते १९९८ ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते, त्यानंतर लिहीत, बोलत राहिले. प्रमिलाताई, ज्या १९८० मध्ये मुंबईतून स्वतः लोकसभेवर निवडून गेल्या होत्या, ३१ डिसेंबर २००१ ला गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत कॅन्सरने दंडवत्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह मेडिकलच्या विद्यार्थ्यांना शिकायला म्हणून जे. जे. हॉस्पिटलला देण्यात आला.

२००८ च्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघच गेला, २००९ पासून तो भाग रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये येतो. आता राजापूर रोड नावाचं एक स्टेशन तेवढं आहे, गावापासून बऱ्यापैकी लांब, डोंगरात. मागच्या दिवाळीत रूममेटबरोबर तिच्या गावाला गेले तेव्हा पहाटे आमची गाडी तिथे क्रॉसिंगला थांबली होती. डब्यात सगळे झोपलेले होते.